खालची ओळ

हो, मीच बोलतोय. ड्रॉवरमधला, तळहाताएवढा व्हिडिओ प्लेअर. एक कोपरा चेपलाय, मधलं बटण घासून गुळगुळीत झालंय. माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. एका माणसाचा जीव माझ्यापायी जाता जाता राहिलाय, आणि वाचलाही माझ्याचमुळे.

माझे धनी म्हणजे बाबा. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. तीस वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली आणि दोन्ही कान कारखान्यालाच देऊन आले. बायको आधीच गेलेली. राहिली एक मुलगी. ती नर्स झाली आणि लांबच्या शहरात नोकरीला निघाली, तेव्हा बाबा तिला म्हणाले, "जायचं तर जा. परत तोंड दाखवू नकोस."

पोरगी बापाचीच. तोंड दाखवायचं नाही म्हणता काय? तिने मला विकत घेऊन घरी पाठवलं आणि दर पंधरवड्याला माझ्यातून तोंड दाखवायला लागली.

आता माझी एक खोड सांगतो. सबटायटलची वेगळी फाइल मला वाचता येत नाही. आमची शाळाच तेवढी! मला अक्षरं चित्रातच मुरवून द्यावी लागतात. गोंदणासारखी. एकदा गोंदली की पुसत नाहीत आणि हलतही नाहीत. हे काम कोपऱ्यावरचा, लग्नाचे व्हिडिओ जोडून देणारा मिक्सिंगवाला करायचा. मुलीचा व्हिडिओ त्याच्याकडे यायचा, तो तिचं बोलणं ऐकून टाइप करायचा, चित्रावर कायमचं बसवायचा आणि कार्ड आणून द्यायचा. कान हेडफोनमध्ये, बोटं कीबोर्डवर आणि डोकं जेवणाच्या डब्यात. काय लिहिलं हे विचारलं तर त्याला सांगता आलं नसतं. पण अक्षर चोख. नेहमी दोन ओळी, एकीखाली एक.

मुलीचा कॅमेरा जुना, चौकोनी चित्राचा. माझा पडदा लांबोडका. त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहायच्या. बाबांना त्या बघवेनात. "माझी पोरगी काय दाराच्या फटीतून बोलते?" असं म्हणत त्यांनी पहिल्याच दिवशी माझं एक बटण शोधून काढलं. चित्र पडदाभर झालं, मुलीचा चेहरा मोठा झाला, बाबा खूश. फक्त वरून तिचे थोडे केस कापले गेले आणि खालून एक ओळ. खालची अख्खी ओळ.

"लेकाचा अर्धवटच लिहितो," बाबा मिक्सिंगवाल्याला नावं ठेवायचे. "असू दे. माझी पोरगी आहे, उरलेलं मला कळतं."

काय कपाळ कळत होतं! पहिल्याच व्हिडिओत वरची ओळ होती, 'बाबा, मला तुमचा राग आला'. बाबांनी ती वाचली आणि खरी मानली. त्यानंतर दोन वर्षं तिला पाठवलेल्या प्रत्येक पत्रात दोनच शब्द असायचे. बरा आहे.

मग बाबांचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. बाबांचे कान असे, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनआधी काय करायचं ते फोनवर मुलीला सांगितलं आणि मुलीने व्हिडिओ केला. मिक्सिंगवाल्याने दारातूनच कार्ड दिलं आणि पळाला. बाबांनी मला चालू केलं. वरच्या ओळीत आलं, 'रक्त पातळ करायची लाल गोळी पाच दिवस घ्यायची'.

खालच्या ओळीत होतं, 'नाही. चुकूनही नाही. रक्त थांबणार नाही.'

माझ्यात तिचा आवाज होता. ती 'नाही' तीनदा म्हणाली. मी जिवाच्या आकांताने ते बाहेर फेकत होतो आणि समोर बसलेला माणूस ठार बहिरा. बाबांनी मान हलवली. "घेतोय गं, रोज घेतोय." आणि गोळी गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. टेबलावर पाण्याचा पेला, तळहातावर लाल गोळी, समोर मी. गोळी घेण्याआधी त्यांना मुलीचं तोंड बघायचं होतं. व्हिडिओ सुरू झाला. गोळी ओठांपाशी आली. मला हात नाहीत, पाय नाहीत. माझ्या हातात एकच होतं, आणि ते मी केलं.

मी मेलो.

अर्धी बॅटरी असताना फटकन काळा झालो. "अरे मेल्या, आत्ताच?" बाबा चिडले. गोळी पेल्याशेजारी ठेवून चार्जर शोधायला उठले. लोक म्हणतात बॅटरी म्हातारी झाली होती. म्हणू देत.

पार शून्यावर गेलो की माझ्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. बाबांनी मला तसं उपाशी कधी ठेवलंच नव्हतं. आता जागा झालो तर चित्र पुन्हा लहान होतं, बाजूला काळ्या पट्ट्या होत्या. आणि खाली दुसरी ओळ.

बाबांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग मला मुठीत धरून अनवाणीच कोपऱ्यावर धावले. "अरे, ह्यात 'नाही' आहे! 'नाही' आहे ह्यात!"

मिक्सिंगवाला घाबरला. त्याने मुलीला फोन लावला आणि तिचा प्रश्न कागदावर लिहिला. किती घेतल्या? बाबांनी एक बोट वर केलं. तिने डॉक्टरांशी बोलून ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं आणि मिळेल ती गाडी पकडली.

घरी येऊन बाबांनी लाल गोळ्या कपाटात कोंडल्या. मग मला समोर ठेवलं आणि दोन वर्षांपूर्वीचा पहिला व्हिडिओ लावला. 'बाबा, मला तुमचा राग आला'. आणि खाली, 'नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.'

बाबा लहान मुलासारखे रडले. इतक्या मोठ्याने, की शेजारचे धावत आले. त्यांना स्वतःला कुठे ऐकू येतं?

ऑपरेशन नीट झालं. आता त्यांच्याकडे फोन आहे. त्यात अक्षरं हवी तेव्हा येतात, नको तेव्हा जातात. मी ड्रॉवरमध्ये असतो. माझं मागणं एवढंच, की लिहिणाऱ्यांनो, आपल्या बोलण्यात 'नाही' शेवटी येतं. ते खालच्या ओळीत ढकलू नका रे बाबांनो.

रविवारी बाबा मला बाहेर काढतात आणि तो एकच, पहिला व्हिडिओ बघतात. परवा मुलगी घरी आली होती. चित्र मोठं करून द्यावं म्हणून तिने बटणाकडे बोट नेलं. बाबांनी मला झटकन छातीशी धरलं.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "पूर्ण दिसतंय."