टाळूच्या हाडातलं छिद्र

बावीस वर्षांत तिने किती दाढा काढल्या याची गणती नव्हती, पण वडिलांच्या तोंडात हात घालायची ही तिची पहिलीच वेळ होती.

बाबांनी जन्मभर सुतारकाम केलेलं. वरची डावी दाढ सडून मुळाशी पू झाला होता, गाल टम्म फुगला होता. "घरात डॉक्टरीण असताना परक्याकडे कशाला जाऊ?" म्हणत ते ऐटीत खुर्चीत बसले.

गालाच्या बाजूची सुई नीट लागली. राहिली टाळूची बाजू. टाळूच्या हाडात शेवटच्या दाढेपाशी एक बारीक छिद्र असतं, त्यातून नस बाहेर येते. तिथे औषध सोडलं की तेवढी टाळू बधिर होते. तिने नेहमीच्या जागी सुई दिली, दहा मिनिटं थांबली आणि टोचून पाहिलं. बाबांनी खुर्चीचा हात आवळला.

"दुखतंय?"

"थोडंसं. तू चालू ठेव."

"नस येते ते छिद्र सापडत नाहीये," असं पुटपुटत तिने जरा पुढे दुसरी सुई दिली. तरी तेच.

"भोक सापडेना होय?" अर्धा ओठ बधिर झालेला असतानाही बाबा हसले. "आधी सांगितलं असतंस तर एक पाडून दिलं असतं."

ती हसली खरी, पण तिसरी सुई उचलली नाही. हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांना आणखी औषध देता येत नव्हतं. एवढ्यावर निभेल या आशेने तिने चिमटा लावून दाढ जेमतेम हलवली. बाबांच्या घशातून एक आवाज निघाला. यंत्रात बोटाचं पेर गेलं तेव्हाही त्यांनी असा आवाज काढला नव्हता.

"ओढ गं, ओढून टाक एकदाची," ते डोळे पुसत म्हणाले.

तिच्याने ओढवेना. तिने चिमटा खाली ठेवला आणि आपल्या जुन्या सरांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना घेऊन सरांच्या रुग्णालयात गेली तोवर सूज डोळ्याखाली चढली होती. स्कॅनमध्ये दिसलं, बाबांचं छिद्र शेवटच्या दाढेच्याही बरंच मागे होतं, आणि अरुंद. "कुणीही चुकलं असतं," सर म्हणाले. "जागा माणसागणिक बदलते, तुला ठाऊक आहे." ठाऊक होतंच. परीक्षेत तिने हेच लिहून मार्क मिळवले होते. सरांनाही दोनदा टोचावं लागलं. दाराबाहेर उभी राहून ती आतली चाहूल ऐकत राहिली. आत जायचा धीर झाला नाही. दाढ निघाली, सूज उतरली.

चार महिन्यांनी बाबांचा सदरा धुवायला टाकताना खिशात औषधाची चिठ्ठी सापडली. वर दुसऱ्याच एका दातांच्या डॉक्टरचं नाव होतं.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्याकडे गर्दी असते."

"बरं, दाखवा तरी."

"झालं आता सगळं," ते म्हणाले, आणि तोंड मिटून वर्तमानपत्र वाचू लागले.