खारकेतले लोखंड

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे, पण स्वयंपाकघरातला नव्हे. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले आणि खजुराने माझे डोके उठवले.

कारखान्यातून आलो तेव्हा माझे पाते लखलखत होते. धान्य, डाळी, बिस्किटे, द्याल त्याचे क्षणात पीठ! "हा आपला हुकमी एक्का," असे साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मग एका खजूरवाल्याचे काम आले. आठ जातींचे खजूर. प्रत्येकात साखर किती, तंतू किती, पोटॅशियम किती, लोह किती, ते शोधायचे.

खजूर दळणे म्हणजे काय, ते मला विचारा! मऊ काळा खजूर पात्याला एकदा चिकटला की हलायचे नाव नको. तपासणाऱ्या ताई बिया काढून, फोडी गोठवून मला देत; तरी दोन गरके झाले की चिखल. अर्धवट सुका पिवळा त्यातल्या त्यात शहाणा. आणि खारीक? निव्वळ दगड. तिच्यात पाणी कमी, म्हणून शंभर ग्रॅममागे साखर जास्त भरते, असे ताई म्हणत. माझ्या वाट्याला तिची फक्त कडकड आली.

पाते झिजू लागले. ताईंनी नव्या पात्यासाठी अर्ज दिला.

"चालतोय ना अजून? मग कशाला?" साहेब म्हणाले.

दुसरा अर्ज, तिसरा अर्ज, उत्तर तेच. मी खडखडून सांगत राहिलो, तर ताईच माझ्यावर टॉवेल टाकून काम उरकू लागल्या.

निकाल आले. सात जातींत लोह एक मिलिग्रॅमच्या आसपास. खारकेत मात्र सात! खजूरवाला खूश, साहेब खूश. ताईंना घरची काळजी होती. त्यांची वहिनी पोटुशी, अंगात रक्त कमी, आणि लोहाच्या गोळीने तिला मळमळायचे. ताईंनी माझ्याशेजारी उभे राहूनच फोन लावला.

"वहिनी, गोळी सोसत नसेल तर रोज मूठभर खारीक खा. मी स्वतः तपासलीय."

अहो, ते लोह खारकेचे नव्हते, माझे होते! पण मिक्सरचे कोण ऐकतो?

दोन महिन्यांनी वहिनीचा फोन आला. गोळी सोडून ती नुसत्या खारकेवर राहिली होती आणि हिमोग्लोबिन दहावरून आठवर उतरले होते. "वन्सं, तुमचंच ऐकलं ना मी," एवढेच ती म्हणाली.

ताई तडक कामाला लागल्या. तीच खारीक पुन्हा दळली. साखर तेवढीच, तंतू तेवढेच; लोह मात्र एकदा पाच, एकदा नऊ. तेव्हा कुठे त्यांनी माझे पाते काढून उजेडात धरले. मग भुकटीतून चुंबक फिरवले. त्याच्या टोकाला बारीक काळे कण चिकटून आले. चिनी मातीच्या खलात कुटलेल्या खारकेत लोह भरले जेमतेम एक.

"म्हणजे हा मिक्सरच खोटारडा निघाला!" साहेब म्हणाले.

"तो नाही, साहेब. मी तीन अर्ज दिले होते. आणि वहिनीला नको ते सांगणारी मी." ताई म्हणाल्या.

सुधारलेला अहवाल त्याच दुपारी गेला. खजूरवाल्याने पाकिटे छापून ठेवली होती. त्याने आदळआपट केली, साहेबांनी खाली मान घालून ऐकली. वहिनीला डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, ती सोसली. बाळंतपण सुखरूप झाले.

आणि माझे नवे पाते? आले एकदाचे, पण दुसऱ्याच मापाचे! कपाळावर मारायला हात नाही. आता मी कपाटावर असतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नसते, आवाज तेवढा असतो. घरातले यंत्र वेगळ्या आवाजात बोलू लागले तर त्यावर टॉवेल टाकू नका. थांबा, झाकण उघडा, आत बघा. त्याला पाच मिनिटे लागतात. वहिनीचे दोन महिने गेले.