खुर्चीखालचा निळा पट्टा

माझा मुलगा प्रेमानंद माणसाशी बोलताना माणसाकडे पाहत नाही. पडद्याकडे पाहतो. ताटात काय वाढलं ते त्याला विचारा, सांगता येणार नाही. पण कोणत्या हॉलवर किती गाद्या गेल्या ते बोट फिरवून लगेच सांगेल. माझ्याशी असा वागला तर मी चालवून घेते, कारण मला त्याचा कान धरता येतो. धोंडबाशी असा वागला. धोंडबाने काय धरायचं?

सक्करदऱ्याला आमचं बिछायत केंद्र आहे, गाद्या-खुर्च्या भाड्याने देण्याचं. लग्न, नामकरण, कंपन्यांचे कार्यक्रम, कोणाच्या घरची मयत, लोक बसतात ते आमच्याच खुर्च्यांवर. माझे मालक गेले तेव्हा दोन सतरंज्या आणि स्वयंपाकाचे चार मोठे गंज होते. मी चौथी शिकलेली बाई, मी ते वाढवलं. आता प्रेमानंद पाहतो. मोठं गोदाम कन्हानला आहे आणि त्याच्या किल्ल्या धोंडबाकडे, प्रेमानंद चड्डीत फिरत होता तेव्हापासून.

मागच्या वर्षी प्रेमानंदने हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं. मोठमोठ्या कंपन्या वापरतात तसलं. माझी सून नंदिनी बी. कॉम. आहे, रोजच्या नोंदी ती करते. हा फक्त रिपोर्ट काढतो आणि लोकांवर ओरडतो.

या सोमवारी तो रिपोर्ट घेऊन कन्हानला गेला. पडद्यावर आठशे खुर्च्या, गोदामात मोजल्या तर सहाशे. तिथंच, हमालांसमोर, त्याने धोंडबाच्या हातून किल्ल्या घेतल्या. रविवारपर्यंत दोनशे खुर्च्या आण, नाहीतर पोलिसात देतो, म्हणाला. तेही मोबाईलकडे पाहूनच म्हणाला असेल.

शनिवारी सकाळी धोंडबा घरी आला. पायरीवर उभा राहिला, आत येईना.

"या नं भाऊ, बसा," मी म्हटलं.

"नाही बाई. बसायचं म्हटलं तं खुर्चीवर बसा लागते. मोजान तुम्ही."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

"बाई, एक खुर्ची असती तं मी म्हटलं असतं, कोणी नेली असंन. दोनशे खुर्च्या माह्या खिशात मावतेत का? कन्हानात लोक विचारून राहिले, धोंडबा, दुकान कुठं टाकलं म्हणून. माही बायको नळावर जाईना."

चहा न घेता गेला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा.

मी नंदिनीला हाक मारली. "वं नंदिनी, तो डबा आण इकडं. मले दाखव आठशे खुर्च्या कुठं आहेत."

तिने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. कन्हान, खुर्च्या, आठशे. मला आकडे वाचता येतात. आकडा स्वच्छ होता, त्याच्या तोंडावर पाप दिसत नव्हतं.

"आई, यात एकाच वस्तूचे वेगवेगळे लेजर असतात," नंदिनी सांगू लागली.

"एका खुर्चीले इतके लेजर काहून? आमच्या वेळेस एकच वही होती."

"एकात जे खरंच झालं ते. माल आला, पैसे दिले, ते. दुसऱ्यात यावर्षी काय करायचं ठरवलं ते. म्हणजे बजेट. आणि तिसऱ्यात ऑर्डर दिली पण माल अजून यायचा आहे, ते."

मी विचार केला. धंदा लग्नाचा, डोकंही तिकडंच जातं.

"म्हणजे पोरीचं लग्न करू म्हटलं, तो एक. साखरपुडा झाला, तो एक. आणि लग्न लागलं, तो एक."

नंदिनी हसली. "अगदी तसंच, आई."

"पोरगी एकच. पण सासरी गेली ती लग्न लागल्यावर."

"हो."

"मग या दोनशे खुर्च्या सासरी कधी आल्या ते सांग."

तिने बटणं दाबली. "एप्रिलमध्ये, आई. दोनशे नग, नवीन."

आता आमच्या घरची एक रीत आहे. नवीन खुर्ची आली की ती आधी माझ्या अंगणात येते. मी ती उलटी करते आणि बुडाखाली निळ्या ऑइलपेंटचा पट्टा मारते. शहरात सगळ्यांच्या खुर्च्या सारख्याच दिसतात. हॉलवर माल मिसळला की तोच पट्टा पाहून आपली खुर्ची उचलायची. हे काम मी कोणाला देत नाही. माझ्या हाताशिवाय आमच्याकडे एकही खुर्ची गोदामात गेलेली नाही.

"एप्रिलात माह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं," मी म्हटलं. "डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मी ब्रशले हात लावला नाही. मले न दाखवता खुर्च्या गेल्या का कन्हानले?"

नंदिनीचा हात थांबला. मग ती रिपोर्टच्या अगदी वरच्या ओळीकडे गेली. तिथं एक लहानसा रकाना होता. तो तिने दोनदा वाचला.

"आई, हा रिपोर्ट बजेटच्या लेजरवर लावलेला आहे." तिचा आवाज बारीक झाला. "एप्रिलमध्ये यांनी बँकेसाठी लावला होता. यंदा दोनशे खुर्च्या घेणार म्हणून दाखवायला. बँकेनं कर्ज दिलं नाही, खुर्च्या घेतल्याच नाहीत. पण यांनी लेजर परत बदललाच नाही."

तिने रकाना बदलला. खरंच झालेल्याचा लेजर. कन्हान, खुर्च्या, सहाशे.

 वर्षभर मी त्या यंत्राला खोटारडं म्हणत आले होते. पण त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मनात धरलेलं एकीकडे, हातात आलेलं दुसरीकडे, असं त्याने नीट वेगळं ठेवलं होतं. माणसाला कुठं ते जमतं? यंदा बंगला बांधू असं मालक इतक्यांदा म्हणायचे की शेजारची पार्वतीबाई मला एकदा विचारून गेली, वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवता का म्हणून. मनात धरण्यात वाईट काही नाही. त्याशिवाय दोन सतरंज्यांच्या आठशे, बरं, सहाशे खुर्च्या झाल्या नसत्या. पण मनात धरलेलं हरवलं म्हणून दुसऱ्याचा खिसा तपासायचा नसतो.

दुपारी प्रेमानंद जेवायला आला. नंदिनीने त्याला पडदा दाखवला. तो लाल झाला, मग घास तोंडात टाकला.

"अरे यार. लेजर टाइप चुकला. होते कधीकधी." आणि डाव्या हाताने मोबाईल उचलला. "धोंडबाले मेसेज टाकून देतो, सोमवारी ये म्हणून."

मी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात ठेवला.

"आई! काय करून राहिली तू?"

"तू मनातल्या खुर्च्या मोजल्या आणि खऱ्या माणसाले चोर केलं. हे मेसेजनं पुसत नाही, गा."

"मग काय करू? पाया पडू का त्याच्या?"

"पाया पडला तं तो अजूनच लाजंन." मी त्याचं ताट बाजूला सरकवलं, तेव्हा कुठं त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी बापासारखे. "हां, असं पाहाचं. आता ऐक. उद्या तू कन्हानले जाशीन. मोबाईल इथंच राहीन. ज्या हमालांसमोर किल्ल्या घेतल्या, त्यायलेच बोलावशीन, आणि त्यायच्यासमोर धोंडबाच्या तोंडाकडे पाहून म्हणशीन की खुर्च्या कधी आल्याच नव्हत्या, चूक माही आहे. मग किल्ल्या त्याच्या हातात देशीन. आणि ज्या दिवशी तुह्या त्या दोनशे खुर्च्या खरंच येतीन नं, त्यायच्या बुडाले निळा पट्टा धोंडबा मारंन. मी नाही. आणि तू तर ब्रशले हातही लावाचा नाही."