रेणुकानं ढकललं

बेडशाच्या शाळेत खिचडीच्या जुन्या भांड्यांची एक खोली होती. गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षिका चैतालीबाईंनी ती मागून घेतली आणि लोणावळ्याच्या हॉटेलांतून फ्रिजचं खोकं, चिक्कीच्या दुकानांतून रिकामे डबे गोळा करून आणले. बाईंनी भंगाराचा धंदा काढला, असंच गावाला वाटलं.

बाईंनी खोकं आडवं करून एक बाजू कापली. आत दोऱ्यांना बांगड्या, डब्यांची झाकणं, चमचा, नारळाची शेंडी टांगली. खाली पोकळ फळी ठेवली. वर काही वाजलं की त्याचा हादरा अंगात उतरायचा. त्या फळीवर गावातल्या सविताच्या मुलीला, रेणुकाला, निजवलं.

रेणुका नऊ वर्षांची. दिसत नाही, ऐकू जेमतेम, बसताही येत नाही. भूक लागली तरी मागायची नाही. सविता घड्याळ बघून भरवायची. 'माझ्यामागं हिची भूक कुनाला कळंल?' ही एकच धास्ती तिला खात होती.

खोक्यातही तिनं तेच चालवलं. झाकण पोरीच्या मुठीत कोंबायचं, पोरीनं ते सोडून द्यायचं.

"सविताताई, घोडं इथंच पेंड खातंय," बाई म्हणाल्या. "मागायच्या आधीच मिळतं, मग ती मागेल कशाला? महिनाभर नुसतं बसून बघा."

नुसतं बसणं भातलावणीपेक्षा अवघड निघालं. सविताचे हात शिवशिवायचे. पोर तशीच पडून असायची आणि सविता मनातल्या मनात बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी रेणुकाची बोटं चुकून चमच्याला लागली. चमचा झाकणावर आपटला, फळी घुमली. पोर थबकली. मग हात पुन्हा वर गेला, आणि या वेळी चुकून नव्हे. चमचा निसटून लांब झुलला. सविताला राहवलं नाही; तिनं तो धरून पोरीच्या मुठीत दिला.

रेणुकानं आईचा हात ढकलला. सवितानं चमचा परत पुढं केला. पोरीनं परत ढकलला, चांगला जोर लावून, आणि स्वतःच हवेत चाचपू लागली.

नऊ वर्षांत तिनं आईला कशालाच नको म्हटलं नव्हतं. सविताच्या काळजाला लागलं, आणि त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं. आज नको म्हणाली, उद्या पायजे म्हणंल.

नवरा सोमाटण्याकडं कंपनीत सकाळपाळीला होता. पाळीत फोन करायचा नाही, असं ठरलेलं. सवितानं लावला.

"काय झालं? पोरगी बरी हाय न्हवं?" तो घाबरून म्हणाला.

"बरी हाय," सविता डोळे पुसत म्हणाली. "अवो, रेणुकानं मला ढकललं. मुद्दाम ढकललं."