पत्र्याची शिवण

ताईने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी असलेल्या पोलादी शंकूच्या सांध्यावरून खुशाल बोट फिरवलं. सांध्याच्या आत अर्धा इंच पत्रा दुमडलेला होता.

“पत्र्याला माया कशाला ठेवलीस रे?” तिने भावाला विचारलं. “पुढेमागे उसवून सैल करायचाय का?”

प्रदर्शनात कुणी ऐकलं तर नाही ना, हे शिल्पकाराने आधी पाहून घेतलं. तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शिलाईच्या आत माया, म्हणजे जादा कापड, राखतात ते माणसं जाड होतात म्हणून. पोलादाला त्याचा काडीचा उपयोग नाही. समीक्षकांनी मात्र त्या दुमडलेल्या पट्टीवर पानंच्या पानं लिहिली होती, आणि यानेही गंभीर चेहऱ्याने मान डोलावली होती.

खरी गोष्ट एवढीच, की शिकत असताना ठोकळे घडवून घडवून तो कंटाळला होता. ताई तेव्हा शिवणयंत्रावर घर ओढत होती. एकदा तो घरी पत्र्याचा तुकडा जोर लावून वाकवत होता, तेव्हा तिने ब्लाउजच्या कागदी नमुन्यातून पाचरीसारखा तुकडा कापला, कडा जुळवल्या, आणि सपाट कागद फुगून उभा राहिला.

“जोर कशाला लावतोस? थोडं काढून टाक, आपोआप वळतं,” ती म्हणाली होती.

तो नमुना त्याने न विचारता उचलला आणि पत्र्यावर उतरवला, रेघ न् रेघ, आतल्या जादा पट्टीसकट. पहिलं बक्षीस त्या शंकूलाच मिळालं. नंतरचे सगळे शंकू त्याचीच भावंडं.

मुलाखतीला आलेली पत्रकार वही उघडून जवळ आली.

“हा आकार सुचला कसा?”

ताई शेजारीच उभी होती. आता तरी सांगून टाकावं असं त्याला मनापासून वाटलं. पण जीभ सरावलेली होती.

“भूमितीतून,” तो म्हणाला. “सपाट पृष्ठभागाचा विचार करता करता.”

त्याचे कान तापले. पत्रकार ताईकडे वळली.

“तुम्ही तर घरातच होतात. तुम्हाला आठवतं का?”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली, तेवढ्यावरून तिला सगळं कळलं.

“मला बाई यातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. “लहानपणापासून याचं डोकंच तसं. मी आपली कपडे शिवणारी.”

पत्रकाराने ते लिहून घेतलं. आता खरं बोलायचं तर ताईला चारचौघांत खोटं पाडावं लागलं असतं. सुटलो, असं त्याला वाटलं. आणि तसं वाटल्याबद्दल मेल्याहून मेल्यासारखं झालं.