ज्वारीला लावलेला चुना

परभणीच्या जनावरांच्या प्रदर्शनात माझ्या म्हशीनं पहिला नंबर काढला. पेपरवाला म्हणाला, मालकिणीचा म्हशीसंगट फोटो द्या, पण काळा-पांढरा. रंगीत आमच्याकडं छापत न्हाईत.

आता माझा म्हशीसंगट फोटो जगात एकच. येळवशीच्या सणाला सगळे रानात जेवायला गेलो, तवा पुतण्यानं, बन्सीधरनं, रंगीत रोलावर काढलेला. मागं हिरवीगार ज्वारी, मधी म्हैस, उजवीकडं लाल लुगड्यात मी. आन् डावीकडं, कुणी न बोलवता, शिंगाला धरून माझी धाकटी जाऊ चतुराबाई. पांढऱ्या पातळात! रानात पांढरं नेसून येणारी बाई कामाला किती हात लावत असंल, ते तुमीच समजा.

आमच्या चुडाव्याहून रेल्वेनं मी आन् चतुराबाई परभणीला गेलो. वीरभद्र फोटोवाल्यानं रंगीत फोटोवरून काळा-पांढरा उतरवला आन् ओली प्रत माझ्यापुढं धरली. म्हैस होती. चतुराबाई बगळ्यासारखी उठून दिसायली होती. माझं मात्र नुसतं मुंडकं ज्वारीवर तरंगायलं होतं.

"माझं अंग कुठं हाय?"

"मावशी, काळ्या-पांढऱ्यात लाल आन् हिरवा सारखाच राखी येतो. तुमचं लुगडं ज्वारीत मिसळलं."

"मिसळलं म्हंजे? काढ की बाहीर!"

"काँट्रास्ट वाढवून बघतो. काळं अजून काळं हुईल, पांढरं अजून पांढरं."

वाढवला. ज्वारी काळी, लुगडंबी काळं. मुंडकंसुद्धा धड राहिलं न्हाई, नथ आन् दात तेवढे उरले. चतुराबाई तर ट्यूबलाइटसारखी पेटली.

"लय झ्याक आलाय, आक्का," ती म्हणाली. "लोकं म्हणतील चतुराबाईची म्हैस. म्हणू द्या. घरातलंच हाय." आन् बांगड्या भरायला निघून गेली.

"हिला काप," मी वीरभद्रला म्हणलं.

"शिंग जातंय, मावशी."

एका शिंगाची म्हैस पेपरात द्यायची व्हय? मी खाली बसले आन् चंची सोडली. डोकं तापलं की मला पान लागतं. चुना लावता लावता बोट थांबलं. तेच बोट रंगीत फोटोतल्या ज्वारीवर ओढलं.

"अवं मावशी, फोटो!"

"माझाच हाय. वरडू नको, काडी दे."

आगपेटीच्या काडीनं लुगड्याच्या कडंकडंनं, शिंगाच्या कडंकडंनं, सगळी ज्वारी सारवून पांढरी केली. चतुराबाईला बोटबी लावलं न्हाई, देवाची आण. फक्त तिच्या मागच्या ज्वारीला लावला.

"आता काढ. आन् काँट्रास्ट द्यायला हात आखडू नको."

पेपर आला. मी डोक्यापासून पायापर्यंत अख्खी, जणू नव्या सफेदीच्या भिंतीपुढं उभी. म्हैस शाई सांडावी तशी काळीभोर. आन् पांढऱ्यात पांढरं जाऊन चतुराबाईचं नुसतं मुंडकं शिंगापाशी लोंबायलं होतं.

अख्ख्या चुडाव्यात लोकं इचारायले, म्हशीच्या शिंगाला काय बांधलंय?

चतुराबाई पेपर घेऊन तणतणत आली. "आक्का, पुढल्या येळवशीला मी काळंभोर लुगडं नेसते. मग बघते कशी दिसत न्हाई ते!"

"नेस की," मी म्हणलं. "आन् म्हशीला चिकटूनच उभी ऱ्हा."