माळकऱ्याचं हाडूक

मी एक्स-रेच्या खोलीतला शिशाचा एप्रन बोलतोय, आणि घाईत बोलतोय. मागच्या अंगणात मशीनला वीज देणारं इंजिन सुरू झालं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

जन्म विलायतेतला. रबरात शिसं कालवून मला लाटलं. वाशीमच्या या दवाखान्यात आलो ते एकोणीसशे चौतीस साली. गाडीवानाने मला उचललं अन् म्हणाला, "अबब! हा कोट हाय का जातं?"

मला मागवलं शालिग्रामने. मशीन तो चालवायचा. तेव्हाची रीत अशी, की मशीन नीट चाललंय का हे बघायला चालवणाऱ्याने स्वतःचाच पंजा पडद्यापुढे धरायचा. हाडं स्वच्छ दिसली की रोग्याला घ्यायचं. किरण दिसत नाही, लागत नाही, मग भ्यायचं कशाला? पंजा धरून धरून शालिग्रामची दोन बोटं झडली, तेव्हा कुठे कळलं.

मग मी आलो. पण मी छाती झाकतो, पोट झाकतो; हात बाहेरच राहतात. हीच माझी जन्माची तळमळ.

तोड शालिग्रामनेच काढली. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंड्याचं नावही निघत नसे, अन् हा गडी खाटकाकडून बकऱ्याची नळी घेऊन आला! घासूनपुसून फळीवर ठेवली. पंज्याऐवजी ती चिमट्यात लावून पडद्यापुढे ठेवायची. लोक म्हणाले, "माळकरी हाडूक चोखून राह्यला!" तो म्हणायचा, "हसू द्या. हसल्यानं बोट झडत नाई."

पण आधीचं लागलेलं सुटलं नाही. जखम हातावरून वर चढत गेली आणि माघात तो गेला. रोज "चाल बावा" म्हणून मला अंगावर चढवणारा माणूस! फार वाईट वाटलं हो.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मशीनवरचा त्याचा जोडीदार दौलतराव खोलीत आला. तोही माळकरीच. "मेल्यावर तरी त्याच्या नावाले बट्टा नको," म्हणत त्याने नळी फडक्यात गुंडाळली अन् नाल्याकाठी पुरून आला. मायेपोटी केलं, पण वेड्याने काय पुरलं!

पुढच्याच आठवड्यात जऊळका गावाहून पाय मोडलेला माणूस आला. इंजिन धडधडलं. दौलतरावाने मला घातलं, दिवा मालवला अन् सरळ आपला पंजा पडद्यापुढे नेला. मी आतल्या आत ओरडलो. एप्रनाचं कोण ऐकतो?

पण पडद्याच्या उजेडात रुखमाबाईने पाहिलं. खोली झाडणारी, शालिग्रामच्या जखमा धुतलेली बाई ती. तिने त्याचं मनगटच धरलं.

"हात काढा, दौलतभाऊ! बोटं जड झाली काय?"

"मंग पाहू कशावर? हाडूक तं मीच पुरलं."

"त्याच्या नावाले जपलं तुमी. तुमच्या हाताले कोन जपन?"

दौलतराव मटकन बसला, लेकरासारखा रडला. मग मला न उतरवताच उठला अन् भर दुपारी, भर बाजारातून थेट खाटकाकडे गेला. परतताना नळी उघड्या हातात, माळ गळ्यात.

"काहून दौलतराव, तुमी बी?" कोणीतरी हसलं.

"शालिग्रामचं काम हाय," तो म्हणाला, अन् चालत राहिला.

आत्ताही इंजिन चाललंय. नळी चिमट्यात लावलीय, पडद्यावर हाड लख्ख दिसतंय, अन् दौलतरावाचे दोन्ही हात माझ्याआड आहेत. तरी मला चैन नाही. बाप्पांनो, तुमच्यात कोणी असं मशीन चालवत असेल तर मला घालाच, पण हातही माझ्याआड ठेवा. शालिग्रामचे मला ठेवता आले नाहीत.